आत एसी होता म्हणून

प्रिय मावशी,

मी फलटणची. वय 46. गेली 22 वर्षं घरीच ब्लाऊज शिवते. डाव्या स्तनात गाठ लागली, तपासणीत कॅन्सर निघाला. पुण्याला दाखवलं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी गाठी आहेत म्हणे, त्यामुळे पूर्ण स्तन काढायचा आहे. ऑपरेशन 18 दिवसांवर आलंय. त्याच वेळी प्लास्टिक सर्जरी करून नवीन करता येतो म्हणे. पोटाची चरबी घेतात म्हणे, नाहीतर सिलिकॉनचा बसवतात. तपासून झाल्यावर हे आणि मोठे दीर डॉक्टरांशी सगळं बोलून आले, आत एसी फार होता म्हणून मी फाइल घेऊन बाहेरच बसले. हे म्हणतात, मला काही फरक पडत नाही, तू जगलीस म्हणजे झालं, उगाच आणखी कापाकापी कशाला. विमा कंपनी याला सौंदर्याची सर्जरी धरते म्हणे, पैसे मिळणार नाहीत, असं दिरांचं म्हणणं. बहीण म्हणते करूनच घे, नंतर पस्तावशील. मला वाटतं, या वयात आता कुणाला दाखवायचंय? पण रात्री झोप लागत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. करू की नको?

— एक वाचक

ताई,

"तुम्ही सांगाल तसं करीन" हे वाक्य आधी खोडून टाका. सांगणारे तीन जण घरात आहेतच, त्यात चौथी मी कशाला?

तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. एवढ्याशा पत्रात "म्हणे" हा शब्द चार वेळा आलाय. गाठी आहेत म्हणे. नवीन करता येतो म्हणे. चरबी घेतात म्हणे. पैसे नाहीत म्हणे. गाठ तुमच्या छातीत, आणि तिची खबर तुम्हाला शेजारणीच्या घरातल्या भांडणासारखी, ऐकीव!

आणि मग ते एसीचं वाक्य. पटकन लिहून पुढे गेलात, पण मी तिथेच अडकले. ताई, तुम्ही गारठ्याला भ्यायला नव्हता. आत जे बोललं जाणार होतं त्याला भ्यायला होता, आणि त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण दोन पुरुष आत गेले, पेशंट बाहेर बाकावर बसली, आणि दार उघडून "त्यांना आत बोलवा" असं कुणीच म्हणालं नाही. डॉक्टरही नाहीत. त्याचा मला राग आलाय.

तुमच्या मिस्टरांचाही आलाय. दहा जणी म्हणतील, किती समजूतदार माणूस. प्रेमानंच म्हणाले असतील, मान्य. पण "मला काही फरक पडत नाही" म्हणजे काय? त्यांना विचारलं कुणी होतं? आंघोळीला त्या अंगावर पाणी तुम्ही ओतणार, पालथं झोपायचं की कुशीवर हे तुम्ही ठरवणार, साडीचा पदर डाव्या खांद्यावरून रोज तुम्ही घेणार. त्यांना फरक पडतो की नाही हा मुद्दाच नाही.

आता मला सांगा, 22 वर्षांत तुमच्याकडे असा एक तरी नवरा आला असेल की नाही, "बायकोची छाती अंदाजे 36 धरा आणि शिवून टाका" म्हणणारा? शिवलात त्या मापावर? जुना ब्लाऊज आणा म्हणाला असाल, नाहीतर बाईलाच पाठवा. टेप अंगाला लागल्याशिवाय तुम्ही कात्रीला हात लावत नाही, आणि तेही 80 सेंटिमीटर कापडासाठी.

माझंही असंच झालंय, म्हणून इतकी तडतडतेय. गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी सही यांनी केली, बोलणं यांनी केलं, मी "तुम्हाला काय ते कळतं" म्हणून मोकळी झाले. टाके काढायला गेले तेव्हा नर्सच्या बोलण्यातून कळलं की दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. काढायला हवीच होती कदाचित. पण मला ते पट्टी सोडवता सोडवता कळलं.

तर करू की नको याचं उत्तर मी देणार नाही. तुम्ही उद्या सकाळी फोन करून ऑपरेशनच्या आधीची आणखी एक वेळ घ्यायची, स्वतः आत जायचं आणि पेशंटच्या खुर्चीत बसायचं. मिस्टर बाजूला बसोत हवं तर, बोलायचं तुम्ही. दीर बाहेर. प्लास्टिक सर्जनलाही वेगळं भेटायचं, कारण कॅन्सर काढणारे हात बहुतेक वेळा वेगळे असतात आणि स्तन घडवणारे वेगळे.

जाताना ऑर्डरची वही न्या. तुमच्या सवयीची आहे, हात थरथरला तरी लिहाल.

पहिलं हेच विचारा की रेडिएशन लागणार आहे का. यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सिलिकॉनच्या भोवती शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं. रेडिएशननंतर ते आवळून कडक होण्याचं प्रमाण वाढतं, मग स्तन दगडासारखा लागतो, दुखतो, कधी पुन्हा उघडावं लागतं. म्हणून अशा वेळी काही सर्जन थांबायला सांगतात, काही पोटाच्या कातडीचं आणि चरबीचं सुचवतात. ते पोटाचं ऑपरेशन कित्येक तासांचं असतं. बारीक रक्तवाहिन्या भिंगाखाली जोडतात, आणि पोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवी शिवण येते. तिसरा प्रकार पाठीचा स्नायू पुढे फिरवून आणण्याचा. तुम्ही दिवसभर वाकून कापड बेतता, हात लांब करून कात्री चालवता. तो स्नायू पुढे गेल्यावर हे कितपत आणि किती दिवसांनी जमेल? हा प्रश्न "हे" विचारणार होते का? त्यांनी मशीनवर कधी बसून पाहिलंय?

आणि काही गोष्टी डॉक्टरच तुम्हाला विचारतील, त्यांची उत्तरं फक्त तुमच्याकडे आहेत. बाळंतपण सिझेरियनचं होतं का, पोटावर आणखी कुठे टाके आहेत का. मिश्री लावता का. लावत असाल तर सांगून टाका, लाजू नका. तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेली कातडी जगायलाच मुश्कील होते. ही गोष्ट तुमच्या दिरांनी आत सांगितली असेल, असं मला तरी वाटत नाही.

नवीन स्तन दिसायला चांगला होतो, पण त्याला पूर्वीसारखी संवेदना नसते, हे आधीच ऐकून ठेवा म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. बोंड बहुधा नंतर करतात, किंवा नुसतं गोंदवतात. कॅन्सर परत येण्याचा धोका नवीन स्तन केल्यानं वाढत नाही, ही भीती मात्र काढून टाका.

नको वाटलं तर तेही पूर्ण वाटू दे. सपाट राहून मजेत जगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. पण सपाट राहणं हीसुद्धा शिवणच आहे, ती चांगली घालायला सांगावी लागते. उरलेली कातडी नीट बेतली नाही तर काखेजवळ झोळ राहतो, तसाच, मुंढ्यात माप चुकल्यावर ब्लाऊजला राहतो तसा. "मला नवीन नकोय, पण झोळ न ठेवता सपाट बंद करा" हे ऑपरेशनच्या आधी, तोंडानं सांगायचं. त्यांनी केलेल्या ऑपरेशनांचे फोटो दाखवा म्हणायचं, दोन्ही प्रकारचे. तुमच्याकडे येणारी प्रत्येक बाई गळ्याचा नमुना बघितल्याशिवाय कापड देत नाही, तुम्ही का द्यावं?

बहिणीला सांगा, पस्तावायची गरज नाही, ब्लाऊजच्या शिवणीत जादा कापडाची माया सोडतात तशी इथेही सोडता येते. आज नाही केलं तर काही महिन्यांनी, काही वर्षांनीही करता येतं. आज केलं तर सहसा छातीची तीच कातडी वापरता येते आणि काढणं व घडवायला घेणं एकाच भुलेत होतं, हा आजच्या बाजूचा मुद्दा. तोही डॉक्टरांकडून समोरासमोर ऐका. आणि विचार करायला आठवडाभर वेळ जास्त हवा असला तर तारीख थोडी सरकवता येईल का, हेही त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा चालतं.

विम्याचं दिरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलंय. आपल्या देशात आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सौंदर्याच्या सर्जरीचे पैसे मिळत नाहीत असं कलम असतं खरं, पण त्याच कलमात पुढे अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना वगळलेली असते. म्हणजे तिला ते कलम लागत नाही. पॉलिसीचा कागद काढा, ते वाक्य बोटानं शोधा आणि दिरांच्या पुढ्यात ठेवा. रक्कम किती मिळेल ते कंपनीकडून आधी लेखी घ्या. विमा नसून महात्मा फुले योजनेतून चाललं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा आणि पुनर्रचना त्यात बसते का, ते स्वतः विचारा.

"या वयात कुणाला दाखवायचंय" हे तुम्ही लिहिलंत, त्यावर मी भांडणार होते. पण मग वाटलं, झोप ज्या बाईची उडालीय तिलाच ते दिसणार आहे, तिला एवढं पुरे.

काखेतल्या गाठी काढणार असतील तर डाव्या हाताला पुढे सूज येऊ शकते, त्या हाताला सुई टोचलेली परवडत नाही. आत्तापासून अंगुस्तान घालायची सवय लावा. चाळीस वर्षं शिवणाऱ्या बायकाही घालत नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही घाला.

दोन्ही डॉक्टरांना भेटून आलात की मला पुन्हा लिहा. काय ठरवलंत ते नाही लिहिलंत तरी चालेल. फक्त पत्रात "म्हणे" असलेलं चालणार नाही.

आणि जाताना शाल न्या. तिथला एसी खरंच गार असतो.

— मावशी