विसार देण्याआधी गाडी एक रात्र घरी लावा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. निपाणीहून चिक्कोडीच्या शाळेत जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर, महिन्यातून एकदा बेळगावला माहेरी. त्यासाठी कोल्हापूरच्या डीलरकडे टाटाची जुनी इलेक्ट्रिक गाडी, नेक्सॉन ईव्ही, पाहिलीत. फेब्रुवारी 2021 ची, 52,000 किलोमीटर चाललेली, किंमत साडेसहा लाख. 'बॅटरी एकदम ओके, एका चार्जला तीनशे किलोमीटर जाते,' असं तो म्हणतो. तुम्ही विचारता, सात लाखांची एफडी मोडून रोखीनं घेऊन टाकू का?

एफडी पूर्ण मोडू नका. मुलगी बारावीला आहे, पुढच्या जूनमध्ये कॉलेजची फी उभी राहील. तीन लाखांच्या वर त्या ठेवीला हात लावायचा नाही. जुनी पेट्रोल गाडी सव्वा लाखाला जाईल असं तुम्ही लिहिलंय. भाव सव्वासहा लाखांवर आणलात, तर उरतात दोन लाख. तेवढं कर्ज 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 6,650 रुपयांच्या आत बसतो. तुमचं वर्षाचं फिरणं तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल 103 रुपये लिटर, मायलेज सोळा आणि घरची वीज 8 रुपये युनिट धरली, तर किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात, म्हणजे महिन्याला 5,400. हप्त्याचा मोठा भाग इंधनातच निघतो. व्याजावरची प्राप्तिकराच्या कलम 80ईईबीची सवलत मात्र 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, ती धरू नका.

हा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: बॅटरीत आज जीव किती उरलाय. पेट्रोल गाडी घेताना आपण वर्ष आणि किलोमीटर बघतो. इथे त्यावरून फारसं काही कळत नाही. डीलरचे तीनशेही सोडून द्या. या गाडीचा प्रमाणित आकडा 312 किलोमीटर, पण तो चाचणीतला. तळाशी गाळ साचलेली विहीर काठोकाठ भरली तरी पाणी कमीच असतं, तसं झिजलेल्या बॅटरीवरही डॅशबोर्ड 100 टक्केच दाखवतो. समोर दिसणारी रेंज तर गाडी आधी कशी चालवली यावरून काढलेला अंदाज असतो. हळू फिरवून आणलेली गाडी जास्त दाखवते.

म्हणून मोजायचं ते युनिटांत. ही बॅटरी नवी असताना 30.2 किलोवॅट-तासांची, म्हणजे तितक्याच युनिटांची. डीलरला सांगून गाडी एका रात्रीसाठी निपाणीला आणा. आधी एकदा 100 टक्के भरून तशीच काही वेळ लावून ठेवायला सांगा. हिच्यातले सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत. त्यांचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे गाडीचा टक्क्यांचा अंदाज सरकतो आणि पूर्ण चार्ज केल्यावरच जागेवर येतो. मग चालवून 20 टक्क्यांवर आणा. वायरमनकडून 15 अँपिअरच्या सॉकेटला वेगळा मीटर लावून घ्या आणि रात्रभर 100 पर्यंत भरा, नऊ-दहा तास लागतील.

नव्या बॅटरीला एवढ्यासाठी मीटरवर 27 च्या आसपास युनिट लागतील, कारण घरच्या चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वीज वाया जाते. 24-25 युनिट लागली तर बॅटरी नव्वद टक्क्यांच्या घरात आहे, सव्वासहा लाखांपर्यंत जा. 22-23 लागली तर साडेपाचच्या वर एक रुपया देऊ नका. त्याखाली गेली तर गाडी सोडा. या किमती माझ्या अंदाजाच्या आहेत, पण तुमच्या जागी मी याच धरल्या असत्या. अर्धा-एक युनिट इकडे-तिकडे होईल, त्यावरून भांडू नका. मात्र चालवताना शेवटच्या टक्क्यांत काटा धपकन खाली आला, तर एखादा सेल कमजोर असू शकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये सेलच्या व्होल्टेजमधला फरक तपासून रिपोर्ट मागा.

शाळेचे पन्नास किलोमीटर ऐंशी टक्क्यांची बॅटरीही सहज करील. अडचण माहेरची आहे. निपाणी-बेळगाव-निपाणी दीडशे किलोमीटर, हायवेचा वेग, तवंदीचा आणि वंटमुरीचा घाट. अशा रस्त्याला युनिटला साडेपाच-सहा किलोमीटर धरा. नव्वद टक्क्यांची बॅटरी पुऱ्या चार्जवर दीडशे-एकशेसाठ जाईल, म्हणजे जेमतेम. ऐंशीची परत पोचणार नाही. पण माहेरी अर्थिंग नीट असलेला 15 अँपिअरचा सॉकेट बसवलात, तर जेवण आणि गप्पांच्या चार तासांत साठ-सत्तर किलोमीटरची वीज भरते. हा खर्च आईबाबांवर टाकू नका, गाडीच्या खर्चातच धरा.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. गाडी कोल्हापूरची आहे. जुलै 2021 च्या पुरात ती कुठे उभी होती, हे विचारा. त्या महिन्यापासूनचे सर्व्हिस आणि विमा दाव्याचे कागद मागा. पाण्यानं झालेलं नुकसान बॅटरीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि नवी बॅटरी काही लाखांची असते. यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आलेली आपण पाहिलीय, तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे फेब्रुवारी 2029 पर्यंत. ती तुमच्या नावावर चालेल का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर कंपनी बॅटरी बदलून देते, हे चॅसी नंबर सांगून लेखी घ्या.

पासिंगचंही बघा. एमएच 09 ची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी लागेल, आणि गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचीही. चिक्कोडीच्या आरटीओत आज आजीवन कर किती भरावा लागेल ते सौद्याआधी विचारा आणि किमतीतून वजा करून बोला. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात 15 टक्के सूट असते, ती लावली आहे का बघा.

डीलर एक रात्र गाडी द्यायला तयार नसेल, तर त्याच्याच दारात मीटर लावून चार्ज करायला सांगा आणि कोणाला तरी तिथे बसवा. तेही नाकारलं, तर विसार न देता निपाणीला परत या.