शंका-समाधान : न्यूग्रेंजचं दगडी थडगं

प्रश्न : आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या टेकाडात वर्षातून एकदाच ऊन शिरतं म्हणे. दार उघडंच असेल, तर त्यात नवल काय?

दारातून शिरलेलं ऊन वाटेतच अडतं. आतल्या दालनाकडे जाणारी वाट 19 मीटर लांब आहे आणि चढती आहे. दालनाची जमीन दारापेक्षा सुमारे 2 मीटर उंच. म्हणून बांधणाऱ्यांनी दाराच्या वर वेगळा झरोका ठेवला. झरोका आणि दालनाची जमीन जवळपास एका पातळीत येतात. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्योदयानंतर 4 मिनिटांनी किरणांची पट्टी झरोक्यातून आत येते आणि सुमारे 17 मिनिटं टिकते. ‘एकदाच’ हे मात्र खरं नाही. त्याच्या मागच्या-पुढच्या काही दिवशीही ऊन आत येतं, अर्थात ढग नसतील तर. आणि आयर्लंडच्या डिसेंबरात ढग असतातच! पृथ्वीच्या आसाचा कल थोडा बदलल्यामुळे आता पट्टी मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. उत्खनन करणारे मायकेल ओ'केली यांनी हा प्रकाश आतून पाहिला तो 1967 साली.

प्रश्न : दगडांवरून वय कसं ठरवलं?

दगडांवरून नाहीच. वाटेवरच्या छताच्या फटींतून पाणी गळू नये म्हणून जळकी माती आणि समुद्राची वाळू ठासली होती. त्या मातीतल्या कोळशाची कार्बन-14 चाचणी (लाकूड किती जुनं ते सांगणारी) केली, तेव्हा इ.स.पू. 3200च्या आसपासचा काळ आला. कोळसा जुन्या खोडाच्या गाभ्याचा असेल तर बांधकामाचं वय फुगतं, म्हणून अशा चाचणीला बारीक काटक्यांचा कोळसा बरा. छताच्या शिळांवर पाणी वाहून जायला पन्हळीही कोरल्या आहेत.

दालनाचं 6 मीटर उंच छत चुन्याशिवाय उभं आहे. आपल्या हेमाडपंती देवळांतल्यासारखंच कदलिकाकरण : प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा आणि दगडाच्या मागच्या टोकावर भरावाचं वजन ठेवायचं. हे वजन कमी पडलं, की दगड आत कलंडतो.

प्रश्न : नागपूरजवळची शिलावर्तुळं याच प्रकारची का?

नाही. जुनापाणी, माहुरझरी इथली वर्तुळं लोहयुगातली, म्हणजे न्यूग्रेंजनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी झालेली. त्यांत दालन नाही, वाटही नाही. मोठ्या धोंड्यांच्या कड्यात अस्थी आणि वस्तू ठेवून वर माती-गोट्यांचा भराव घालत. माहुरझरीला तर घोड्याची हाडं त्याच्या तांब्याच्या साजासकट मिळाली.