आव पडते म्हणजे अमीबाच का?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय 43, इंदूरला रामबागेत राहते, शाळेत शिकवते. बरीच वर्षं झाली, सकाळी पोहे खाल्ले की पोटात कळ येते आणि धावावं लागतं. पांढरी, बुळबुळीत आव पडते, मग मोकळं वाटतं. भुट्टे खाल्ले की दाणे जसेच्या तसे दिसतात. रिपोर्टमध्ये ‘म्यूकस ++’ येतं. रक्त नाही, सिस्ट (अमीबाचं कवचातलं रूप) नाहीत. तरी दर वेळी अमीबाच्या गोळ्यांचा कोर्स होतोच. वजन तेवढंच आहे, पण अन्न अंगी लागत नसेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, वजनाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. अन्न अंगी लागत नसतं तर वजन उतरलं असतं आणि मळही वेगळा दिसला असता : फिकट, उग्र वासाचा, भांड्याला चिकटणारा, कधी पाण्यावर तेलाचा तवंग. ती न पचलेली चरबी. स्वादुपिंडाच्या जुन्या दुखण्यात असं होतं. मक्याचं साल मात्र कुणालाच पचत नाही.

मळात चारातले साधारण तीन हिस्से पाणीच असतं. उरलेल्यात जिवंत-मेलेले जिवाणू भरपूर, मग चोथा, थोडी चरबी, आतड्याच्या झडलेल्या पेशी. आणि आव? ती आतड्याचं अस्तरच तयार करतं, मळ सरकावा म्हणून. आतडं हळवं असलं, म्हणजे आयबीएसमध्ये, ती जास्त दिसते. तुमची लक्षणं मला त्याच वाटेची वाटतात. पोहेही लगेच निघून जात नाहीत. जठरात घास पडला की मोठं आतडं हलू लागतं. बाहेर येतं ते कालचं-परवाचं.

अमीबाच्या आवेत बहुधा रक्त असतं. सिस्ट नाहीत, रक्त नाही, तरी गोळ्या, हे मला मुळीच पटत नाही. त्या गोळ्यांनी तोंड कडू होतं, मळमळतं, शिवाय आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात.

आता एकदा मळातलं कॅलप्रोटेक्टिन तपासून घ्या. पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन आतड्याला सूज असली की वाढतं. ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत आलं तर अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणाऱ्या) आजाराची शक्यता फार कमी. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करा. आपल्या माळव्यात गहू रोजचाच, म्हणून ही शेवटची विसरू नका. आणि ती होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू बंद केल्यावर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो.

अमीबा पुन्हा बघायचाच असेल तर नमुना ताजा, अर्ध्या-एक तासात लॅबमध्ये पोचायला हवा. पहाटे भरलेली डबी शाळेला जाता जाता देऊन उपयोग नाही, हलता अमीबा तोवर ओळखू येत नाही.

दूध आणि शेव पंधरा दिवस बंद करून बघा, गॅस उतरतो का. रक्त पडलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, ताप आला किंवा वजन घटू लागलं, तर थांबू नका. पोटविकारतज्ज्ञांकडे जा, ते कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, सुचवतील. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तेही त्यांना आधीच सांगा.