'गार्ड करणे' म्हणजे रक्षण नव्हे

माटुंग्याहून प्रश्न आलाय: शाळेच्या बास्केटबॉल सामन्याचं मराठीत समालोचन करायचंय, तर 'क्लोजली गार्डेड' खेळाडूला 'निकट संरक्षित' म्हणावं का? आणि अमेरिकी व्हिडिओत ऐकलेला 'ड्रिबलिंग काउंट' म्हणजे पाचच टप्पे मारायची मुभा का?

'संरक्षित' मुळीच नको, अर्थ नेमका उलटा होतो. नागपाड्याच्या कोर्टवर काय किंवा माटुंग्यात काय, कोच 'त्याला गार्ड कर' म्हणून ओरडतो तेव्हा तो 'त्याला' प्रतिस्पर्धी असतो. 'त्याचं रक्षण कर' म्हणालात तर पोरगा भलत्याच संघाची सेवा करेल! रक्षण बास्केटचं, माणसाला अडवायचं असतं. म्हणून साधं 'जवळून अडवलेला' म्हणा. 'पाळत' काहींना आवडतो, पण पाळत लांबूनही ठेवता येते आणि इथे अंतराला महत्त्व आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमानुसार चेंडू हातात धरलेल्या खेळाडूला बचावपटू 1 मीटरच्या आत, योग्य पवित्र्यात, खरोखर अडवत असला, तरच तो खेळाडू 'जवळून अडवलेला' ठरतो. ('पोझिशन'ला आपला आखाड्यातला 'पवित्रा' काय चपखल बसतो! तोंड समोरच्याकडे, दोन्ही पाय जमिनीवर.) मग त्या खेळाडूनं 5 सेकंदांत पास द्यायचा, शॉट मारायचा किंवा ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे मारत नेणं, सुरू करायचं. नाहीतर चेंडू समोरच्या संघाला.

आता 'काउंट'. मोजायचे ते सेकंद. टप्पे हवे तितके मारा, त्यांना मर्यादा नाही. फिबात तर ड्रिबल सुरू झालं की हे मोजणंच थांबतं. अमेरिकेतल्या हायस्कूलचा नियम वेगळा: तिथे अंतर 6 फूट आणि पुढच्या, म्हणजे ज्या बास्केटमध्ये चेंडू टाकायचा त्या बाजूच्या, अर्ध्या कोर्टात ड्रिबल करतानाही 5 सेकंद मोजतात. चेंडू धरला की एक मोजणी, ड्रिबलची दुसरी, पुन्हा धरला की तिसरी, दरवेळी एकपासून. ड्रिबल करणारा डोकं आणि खांदे बचावपटूच्या पुढे काढून निसटला की ती मोजणी संपली. तुमचा व्हिडिओ बहुधा तिथलाच.

'मोजणी' लिहायला ठीक आहे, पण माइकवर 'मोजणी सुरू' म्हटलंत की प्रेक्षकांतल्या काकांना सातबारा आठवेल. त्यापेक्षा म्हणा, 'जवळून अडवलंय, पंच सेकंद मोजतायत!' ड्रिबलला 'टप्पे मारत नेणं' खुशाल म्हणा, फक्त त्या टप्प्यांच्या शेजारी 'पाच' येऊ देऊ नका.