घरचे तूप : साय कडवट का होते?

प्रश्न : घरखर्च आवरण्यासाठी तूप घरीच कढवावे असे ठरवून मी तीन आठवडे साय साठवली; परंतु ती कडवट झाली आणि लोणीही नीट आले नाही. हा खटाटोप खरोखर परवडतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दूध कोणते घेता, यावर ते अवलंबून आहे. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात जेमतेम 3 टक्के; त्यामुळे घरी टोन्ड दूध येत असेल, तर तुपासाठी साय साठवण्याचा आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते.

विरजणाशिवाय फार दिवस फ्रिजमध्ये राहिलेली साय कडवट होते. म्हणून पहिल्याच दिवशी भांड्यात चमचाभर ताजे दही घालावे, रोजची साय त्यात मिसळत जावी आणि आठवड्याभरात ती घुसळावी. घुसळताना उन्हाळ्यात बर्फाचे आणि थंडीत कोमट पाणी घातले, की लोण्याचे कण एकत्र येऊन गोळा वर तरंगू लागतो. हा गोळा पाणी नितळ दिसेपर्यंत गार पाण्याने धुवावा, कारण त्यात राहिलेले ताक कढवताना तळाला लागते. मंद आचेवर प्रथम फेस येतो, मग तडतड सुरू होते. ती थांबली, म्हणजेच पाण्याचा अंश संपला आणि तळाची बेरी बदामी दिसू लागली, की आच लगेच बंद करावी.

उरलेल्या ताकाची कढी होते, आणि बेरी कणकेत मळल्यास पोळ्या खुसखुशीत होतात.