फ्लेमिंगोंच्या थव्याचा फोटो नुसता गुलाबी ठिपक्यांसारखा का येतो?

कारण आपण अख्खा थवाच फ्रेममध्ये कोंबतो, मी पण पहिली दोन वर्षं मुंबईतल्या शिवडीला जाऊन हेच केलं, घरी येऊन बघितलं तर पक्षी कमी नि चिखल जास्त. थव्यात पॅटर्न आपोआप असतो हो, सगळ्यांच्या माना खाली, पायांच्या उभ्या रेघा, पण तो दिसायला काहीतरी मोडणारं लागतं. म्हणजे सगळे चरतायत आणि एकानेच मान वर केलीय, किंवा गुलाबी घोळक्यात एखादं करडं पिल्लू (लहान असताना ते करडेच असतात), बास, फोकस त्याच्यावर टाका, त्याला मधोमध न ठेवता जरा बाजूला घ्या आणि बाकीचे फ्रेमच्या कडेला कापले गेले तरी चालतील, उलट थवा अजून मोठा वाटतो. दोन माना एकमेकींवर चढल्या की मात्र गिचमिड होते, तेव्हा माना सुट्या होईपर्यंत थांबायचं. भरतीची वेळ आधी बघून जा, पाणी चढायला लागलं की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, ओहोटीत लांब चिखलात असतात आणि मग कितीही झूम करा. शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) एफ८. मागच्या कारखान्यांच्या चिमण्या, क्रेन टाळायच्या की घ्यायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा, मला तर आवडतात, मुंबईचा फोटो आहे ना शेवटी.