डॉक्टर रागावतील म्हणून फाइल घरीच ठेवता का?

"फाइल नाई आणली मॅडम, डॉक्टर लय रागावते." बीपी-शुगरच्या ओपीडीच्या दिवशी हे वाक्य मला इतक्यांदा ऐकू येतं की आज लिहायलाच बसले. मी यवतमाळकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन करते.

एक काकू, पन्नाशीच्या, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या. बीपी काही केल्या उतरेना, डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला, आणि गोळी रोज घेता का विचारलं की उत्तर ठरलेलं, "हाव, रोज घेतो." मी त्यांना कॅलेंडर दिलं, घेतली त्या दिवशी खूण करा, नाही घेतली तर चौकट रिकामी सोडा. महिन्याने सगळ्या चौकटी भरलेल्या, एकाच पेनाने, एकाच हाताच्या वेगात.

मी विचारलं, "एकाच दिवशी बसून केल्या का काकू?"

बराच वेळ गप्प. मग, "रिकामं दाखवलं तं रागावसान ना?"

"नाही. त्या दिवशी काय झालं होतं एवढंच विचारीन."

पुढच्या महिन्यात कॅलेंडर आलं ते जवळजवळ रिकामं, खुणा फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी. बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते! मी फक्त तिथे बोट ठेवलं आणि काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. "त्या गोळीनं घडीघडी लघवीले लागते मॅडम. वावरात आडोसा नाई, गडीमाणसं असतात. कुठं जाऊ?"

सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू होतानाची पूजा, झाल्यापासून ही बाई हे एकटी सोसत होती. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, क्लोरथॅलिडोन त्यातलीच, हे डॉक्टरांना माहीत असतंच, पण गोळी पोटात जातच नाही हे त्यांना कोण सांगणार? उद्या काकू भरती झाल्या असत्या आणि कागदावरचा वाढीव डोस नर्सने रोज नेमाने दिला असता तर बीपी एकदम खाली गेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी ते कॅलेंडर पाहिलं आणि गोळी बदलली.

मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे. माणसाला आहे तसं स्वीकारलं की तो खरं बोलतो, खरं लिहितोही, हे त्या रिकाम्या चौकटींनी मला पुन्हा दाखवलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी आपल्या कामाचं समाधान वाटलं. आपल्याकडे लोक फाइलला परीक्षेचा पेपर समजतात म्हणून त्यात बरोबर उत्तरं भरतात.

तेव्हा चुकलेली गोळीसुद्धा लिहा, तारखेसकट, आणि का चुकली तेही. बीपी मोजलं तर वेळ टाका. "लाल गोळी" म्हणू नका, रिकामी स्ट्रिपच पिशवीत ठेवा, नाव आणि मिलिग्रॅम त्यावर असतात. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. ईसीजीचा कागद बहुतेक वेळा थर्मल असतो, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तो पुसट होत जातो, म्हणून लगेच झेरॉक्स काढा, पुढे छातीत दुखलं तर डॉक्टरांना जुना ईसीजी ताडून पाहायला लागतो. दवाखान्यात भरती होता आणि कागद हरवले तर मागायला लाजू नका, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत ते द्यावे लागतात, पण तीन वर्षं जपण्याचंच बंधन आहे, उशीर करू नका.

काकू आता नातवाकडून लिहून घेतात. मागच्या महिन्यात तीन चौकटी रिकाम्या होत्या आणि एकीत लिहिलं होतं, "लग्नाले गेलो, गोळी घरीच रायली."